ध्रुवावरचा बर्फ आणि मनमाडचा हंडा

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२५ ते २०३४ हे दशक पृथ्वीवरील बर्फाच्या अभ्यासासाठी जाहीर केले आहे. २०३२-३३ मध्ये जग पाचवे आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्ष पाळणार आहे. भारताने डिसेंबर २०२३ मध्ये उत्तर ध्रुवाजवळच्या आर्क्टिक प्रदेशात आपली पहिली हिवाळी मोहीम पाठवली. तीत गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राबरोबर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचे संशोधकही होते. एवढे सगळे घडत असताना आपल्या वस्तीत, आपल्या शाळेत, आपल्या वाचनालयात त्यावर एक शब्द तरी बोलला गेला काय? प्रस्थापित मराठी वृत्तपत्रांत अशा बातम्या आल्या तरी आतल्या पानावर चार ओळींत येतात आणि दुसऱ्या दिवशी रद्दीत जातात.

मनमाडचा माणूस यावर साधा प्रश्न विचारील. "आमच्या नळाला पंधरा-वीस दिवस पाणी येत नव्हते तेव्हा कोणी आले नाही. आता उत्तर ध्रुवाचे काय घेऊन बसलात?" हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. ज्या शहराने पिढ्यान्पिढ्या हंडा-कळशी घेऊन टँकरमागे धावण्यात आयुष्य घालवले, त्याला हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. त्याचे उत्तर त्याच्याच भाषेत देणे हे विज्ञानाचे काम आहे, सरकारचे काम आहे आणि लोकशिक्षणाचा वारसा सांगणाऱ्या चळवळीचेही काम आहे.

तिकडे नेमके काय घडते आहे?

दक्षिण ध्रुवावर जमीन आहे आणि तिच्याभोवती समुद्र. उत्तर ध्रुवावर उलटे आहे. तिथे मधोमध समुद्र आहे आणि भोवती रशिया, कॅनडा, नॉर्वे, ग्रीनलँड, अलास्का यांच्या जमिनी आहेत. हा समुद्र हिवाळ्यात गोठतो आणि उन्हाळ्यात त्याचा काही भाग वितळतो. सप्टेंबरमध्ये बर्फ सर्वांत कमी असतो, मार्चच्या सुमारास सर्वांत जास्त. हे चक्र जुने आहे. नवे आहे ते त्यातले घटणे.

उपग्रहांनी या बर्फाची सलग मोजणी १९७९ पासून केली आहे. १९८१ ते २०१० या तीस वर्षांत सप्टेंबरमधला किमान बर्फ सरासरी ६२ लाख चौरस किलोमीटर होता. सप्टेंबर २०१२ मध्ये तो सुमारे ३४ लाखांवर आला. आपल्या महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटर आहे. म्हणजे सरासरीच्या मानाने नऊ महाराष्ट्र मावतील एवढा बर्फ त्या वर्षी दिसेनासा झाला होता. हिवाळ्यातही तीच गत आहे. मार्च २०२५ मध्ये जो कमाल बर्फ साठला, तो तोवरच्या उपग्रह नोंदींतला सर्वांत कमी होता.

हे इतक्या वेगाने का होते? मनमाडच्या रेल्वे यार्डात मे महिन्यात काम करणाऱ्याला याचे कारण पुस्तकातून शिकायला नको. काळी खडी आणि काळे पत्रे तापून चटके देतात. चुना मारलेले छत त्यामानाने थंड राहते. बर्फ पांढरा असतो. अंगावर पडलेले निम्म्याहून अधिक ऊन तो परत आकाशात धाडतो. बर्फ गेला की खाली काळसर समुद्र उघडा पडतो आणि तो शंभरातले नव्वदाहून अधिक भाग ऊन पिऊन घेतो. पाणी तापते, म्हणून आणखी बर्फ वितळतो. आणखी बर्फ वितळतो, म्हणून पाणी आणखी तापते. याखेरीज इतरही कारणे आहेत, पण हे प्रमुख आहे. फिनलंडच्या हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये दाखवून दिले की १९७९ पासून आर्क्टिक प्रदेश उर्वरित जगाच्या मानाने जवळपास चौपट वेगाने तापला आहे. आणि या सगळ्याच्या मुळाशी आहे तो कोळसा, तेल आणि वायू जाळून हवेत सोडलेला कार्बन.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करायला हवी, कारण तिच्यावरून गैरसमज फार आहेत. समुद्रावर तरंगणारा बर्फ वितळला म्हणून समुद्राची पातळी वाढते असे नाही. पेल्यात तरंगणारा बर्फाचा खडा वितळला तरी पेला सांडत नाही. पातळी वाढते ती जमिनीवरचा बर्फ समुद्रात आल्याने आणि तापलेले पाणी फुगल्याने. ग्रीनलँडच्या जमिनीवर एवढा बर्फ आहे की तो सगळा वितळला तर जगातल्या समुद्रांची पातळी सुमारे सात मीटरने वाढेल. ते उद्या होणार नाही. त्याला शतके, कदाचित सहस्रके लागतील. पण ग्रीनलँड आजच वर्षाला सरासरी अडीचशे अब्ज टनांहून अधिक बर्फ गमावते आहे. मुंबईत खाडीकाठच्या झोपडपट्टीत कोण राहते, हे वाचकांना सांगायची गरज नाही.

कारा समुद्र आणि सप्टेंबरचा पाऊस

आता मनमाडच्या आकाशाकडे येऊ. उत्तर ध्रुव थंड आणि विषुववृत्त उष्ण, या तफावतीवर पृथ्वीच्या वातावरणातले मोठे वारे चालतात. ध्रुव वेगाने तापू लागला की ही तफावत बदलते आणि वरच्या थरातल्या वाऱ्यांच्या लाटांची वाट बदलू शकते. त्याचा भारताच्या पावसाशी संबंध काय, हे शोधण्याचे काम आपल्याच देशातले शास्त्रज्ञ करीत आहेत. गोव्याच्या ध्रुवीय केंद्रातील संशोधकांनी २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. रशियाच्या उत्तरेस कारा नावाचा समुद्र आहे. तिथला उन्हाळी बर्फ कमी झाला की युरोपच्या वरच्या हवेत उच्च दाबाचा पट्टा तयार होतो, त्यातून निघालेली लाट आशियाकडे सरकते, आणि त्याच वेळी अरबी समुद्र उबदार असेल तर त्याची वाफ मिळून मध्य भारतात सप्टेंबरच्या सुमारास अतिवृष्टीला पोषक स्थिती निर्माण होऊ शकते, असा संबंध त्यांनी मांडला. 'होऊ शकते' आणि 'होते' यांत फरक आहे, तो आपण विसरू नये. आर्क्टिक आणि इतर प्रदेशांचे हवामान यांचा दुवा किती घट्ट आहे, यावर शास्त्रज्ञांमध्ये वाद चालू आहे. विज्ञान आपली शंका लपवीत नाही, म्हणून ते पोथीपेक्षा वेगळे ठरते.

अरबी समुद्राबाबत मात्र पुरावा बळकट आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. या पट्ट्यात महाराष्ट्रही येतो. एकूण पाऊस तेवढाच किंवा कमी, पण तो दोन दिवसांत कोसळतो आणि मग महिनाभर आभाळ कोरडे.

मनमाड, नांदगाव, चांदवड, येवला या अवर्षणप्रवण पट्ट्याला याचा अर्थ कळतो. हा कांद्याचा मुलूख आहे. सप्टेंबरमध्ये पोळ कांदा शेतात असतो आणि रांगड्याची रोपे वाफ्यात असतात. त्या वेळी दोन दिवसांत महिन्याचा पाऊस पडला तर रोप सडते. शेजारच्या चाळीसगावाने ३१ ऑगस्ट २०२१ रोजी अशा पावसाचा पूर सोसला आहे. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी निफाड परिसरातली गारपीट अनेकांनी डोळ्यांनी पाहिली आहे. यातल्या एखाद्या घटनेचे खापर सरळ ध्रुवावर फोडणे अशास्त्रीय होईल. पण ऋतू बदलत आहेत आणि त्याची कारणे जगाच्या पाठीवर दूरवर पसरलेली असू शकतात, एवढे निश्चित. शेत वाहून गेल्यावर शेतमालकाला उशिरा का होईना पंचनामा आणि भरपाई असते. त्याच शेतात कांदा लावणाऱ्या, निंदणाऱ्या, काढणाऱ्या भूमिहीन बाईच्या बुडालेल्या मजुरीचा पंचनामा कोणता तलाठी करतो?

खाणकामगारांचे गाव, शास्त्रज्ञांचे गाव

भारत आर्क्टिकमध्ये कसा गेला, हा इतिहासही वाचण्यासारखा आहे. नॉर्वेच्या उत्तरेस स्वालबार्ड नावाचा बेटांचा समूह आहे. त्यावर नॉर्वेची सत्ता मान्य करून इतर देशांनाही तिथे समान वावर देणारा करार ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये झाला. त्यावर भारताच्या वतीने ब्रिटिशांनी सही केली. त्याच्या अवघे नऊ दिवस आधी, ३१ जानेवारी १९२० रोजी, बाबासाहेबांच्या 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला होता. ज्यांना गावच्या पाणवठ्यावर जाता येत नव्हते, त्यांच्या देशाला उत्तर ध्रुवाजवळ हक्क मिळत होता! त्या हक्काचा उपयोग करायला मात्र पुढची सत्याऐंशी वर्षे जावी लागली.

२००७ च्या उन्हाळ्यात भारताची पहिली आर्क्टिक मोहीम निघाली. १ जुलै २००८ रोजी स्वालबार्डमधील नी-ओलसुंड या वस्तीत 'हिमाद्री' हे भारताचे संशोधन केंद्र सुरू झाले. उत्तर ध्रुवापासून ते सुमारे १२०० किलोमीटरवर आहे. ऑक्टोबरअखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य उगवत नाही. जुलै २०१४ मध्ये तिथल्या खाडीत १९२ मीटर खोलीवर 'इंडआर्क' हा उपकरणांचा संच नांगरून ठेवला गेला. वेगवेगळ्या थरांत पाणी किती तापले, किती खारट आहे, प्रवाह कुठे वाहतो, याची तो नोंद घेतो. हिमनदीत खुंट्या रोवून दरवर्षी त्या किती उघड्या पडल्या हे मोजणे, हवेतली काजळी मोजणे, गोठलेल्या मातीतले सूक्ष्मजीव तपासणे अशी कामे आपले संशोधक तिथे करतात. यात चमत्कार कुठेच नाही. आहे ती चिकाटी: एकच मोजमाप, एकाच ठिकाणी, वर्षानुवर्षे.

नी-ओलसुंड हे मुळात शास्त्रज्ञांचे गाव नव्हे. ते कोळसा खाणकामगारांचे गाव होते. ५ नोव्हेंबर १९६२ रोजी तिथल्या खाणीत स्फोट झाला आणि २१ कामगार मृत्युमुखी पडले. त्या प्रकरणाच्या चौकशीवरून १९६३ मध्ये नॉर्वेचे सरकार कोसळले आणि खाण कायमची बंद झाली. नंतर तिथे संशोधन केंद्रे आली. भारताची वातावरण प्रयोगशाळा २०१६ पासून ज्या ग्रुवेबाडेट इमारतीत चालते, त्या नावाचा अर्थच खाणीचे न्हाणीघर असा आहे. कामगार पाळी संपल्यावर कोळशाची काजळी जिथे धूत, तिथे आज हवेतली काजळी मोजतात. एकवीस कामगार मेल्यावर सरकार जाते, हे ज्या देशात गटार साफ करताना माणसे मरतात आणि वॉर्ड ऑफिसरची बदलीही होत नाही त्या देशातल्या वाचकाने लक्षात ठेवावे.

कोणाच्या टेबलावर कोण बसते?

आर्क्टिकवर माणसे राहतात, हेच आपल्याकडे पुष्कळांना माहीत नसते. नॉर्वे-स्वीडनकडचे सामी, कॅनडा-ग्रीनलँडचे इनुइट असे मूलनिवासी समाज हजारो वर्षे तिथे रेनडिअर पाळून, मासेमारी व शिकार करून जगत आले. त्यांची भाषा मारण्यात आली, त्यांची मुले वसतिगृहांत नेऊन 'सुधारण्यात' आली. नॉर्वेतल्या सत्यशोधन आयोगाने २०२३ च्या अहवालात हा इतिहास अधिकृतपणे नोंदवला. हे लोक गप्प बसलेले नाहीत. डिसेंबर २००५ मध्ये शीला वॅट-क्लाउटियर या इनुइट नेत्या आणि त्यांच्यासह ६२ जणांनी अमेरिकी देशांच्या मानवी हक्क आयोगाकडे अर्ज केला. अमेरिकेच्या धुरामुळे आमचा बर्फ वितळतो, बर्फावर आमचे जगणे आहे, म्हणून हा आमच्या मानवी हक्कांचा भंग आहे, असा त्यांचा दावा होता. आयोगाने तो अर्ज पुढे चालवला नाही. पण तोवर पांढऱ्या अस्वलाचे चित्र दाखवून चाललेली चर्चा त्यांनी माणसाच्या हक्कावर आणली. महाडला पाणी पिण्याचा प्रश्न तहानेपुरता नव्हता, हक्काचा होता. चवदार तळ्याचा वारसा सांगणाऱ्यांना इनुइटांचे म्हणणे समजायला वेळ लागू नये.

१९९६ मध्ये स्थापन झालेल्या आर्क्टिक परिषदेत आठ देश सदस्य आहेत आणि मूलनिवासींच्या सहा संघटना कायम सहभागी आहेत. त्यांना मत नाही; पण त्यांच्याशी सल्लामसलत हा नियम आहे आणि त्या टेबलाशी बसतात. भारताला २०१३ मध्ये निरीक्षकाचे स्थान मिळाले, म्हणजे एवढा मोठा देश मागच्या रांगेत आणि सामी-इनुइट पुढे. प्रश्न ज्यांचा, त्यांना चर्चेत जागा, हे तत्त्व निदान कागदावर तरी तिथे मान्य झाले आहे. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे या परिषदेचे काम थांबले. नंतर ते काही अंशीच सुरू झाले. आर्क्टिकचा किनारा निम्म्याच्या आसपास रशियाकडे असल्याने तिथल्या नोंदी इतर देशांच्या शास्त्रज्ञांना मिळेनाशा झाल्या. युद्धात ज्ञानही मरते ते असे.

याच मार्चमध्ये भारत सरकारने आपले आर्क्टिक धोरण जाहीर केले. त्याचे सहा आधारस्तंभ आहेत. विज्ञान व संशोधन, हवामान व पर्यावरण रक्षण, आर्थिक व मानवी विकास, वाहतूक व दळणवळण, आंतरराष्ट्रीय सहकार्य आणि राष्ट्रीय क्षमता-बांधणी. यातला एक अंतर्विरोध जाणत्यांनी ओळखावा. बर्फ वितळतो म्हणून चिंता, आणि बर्फ वितळल्याने जहाजांचा मार्ग मोकळा होतो, तेल-वायू-खनिजे हाती येतात म्हणून आशा, या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर आहेत. हा दोष एकट्या भारताचा नाही. सगळ्या बड्या देशांचे तेच चालले आहे. आग लागलेल्या घरात विझवणारे आणि भांडी उचलणारे एकाच वेळी शिरावेत, तसा हा प्रकार आहे.

गँगमन आणि थर्मामीटर

मनमाडचे नाव चळवळीच्या इतिहासात एका परिषदेने कोरले गेले. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी इथे जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे बाबासाहेबांनी इथेच सांगितले आणि ब्राह्मणशाही म्हणजे एखादी जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता, बंधुता यांचा नकार, असा खुलासाही केला. त्या भाषणाचा दुसरा भाग कमी आठवला जातो. रेल्वेत आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच राहतो. स्टेशन मास्तरच्या घरी पोर्टरला घरकामही करावे लागते म्हणून त्याला पोर्टरचीही जागा मिळत नाही. कारखान्यात तो हमालाच्या वर चढत नाही, अशी शिडीची तक्रार बाबासाहेबांनी तिथे मांडली होती.

त्या गँगमनकडे आजच्या प्रश्नाच्या दृष्टीने पाहा. उन्हाळ्यात रूळ तापून लांबतात आणि जागा नसली की वाकतात. म्हणून रुळाचे तापमान मोजावे लागते आणि ते प्रमाणाबाहेर गेले की लाइनवर उन्हाळी गस्त लागते. थंडीत उलट रूळ आकसून तडकतो, तेव्हा पहाटेची गस्त. पोलादाचा ताप हातात थर्मामीटर घेऊन मोजणारा हा कामगार पिढ्यान्पिढ्या हवामानाचा साक्षीदार आहे. ध्रुवावरचा शास्त्रज्ञ खुंटी मोजतो, हा रूळ मोजतो. दोघांच्या कामाची जात एकच, मोजण्याची. मग गँगमनच्या मुलीला ध्रुवावर जाणारी शिडी का सापडू नये?

ती सापडत नाही याची कारणे उघड आहेत. पहिले कारण भाषा. हे सगळे ज्ञान इंग्रजीत राहते. दुसरे कारण पैसा. संशोधनाला पाच-सहा वर्षे लागतात आणि त्या काळात घर चालवावे लागते. बार्टीच्या फेलोशिपसाठी आपल्या संशोधक मुलामुलींना २०२३ मध्ये आझाद मैदानावर बसावे लागले, हे वाचक विसरले नसतील. तिसरे कारण नियम. केंद्र सरकारच्या १९७५ च्या एका आदेशाने संशोधनासाठीची वैज्ञानिक-तांत्रिक पदे, 'गट अ'ची सर्वांत खालची पायरी सोडून, आरक्षणातून वगळण्याची वाट मोकळी झाली. म्हणजे शिडीची पहिली पायरी आपली आणि वरच्या पायऱ्या दुसऱ्याच्या. १९३८ ची तक्रार इथे जशीच्या तशी लागू होते. धोरणातल्या 'क्षमता-बांधणी'त कोणाची क्षमता बांधली जाणार, हा प्रश्न संसदेत विचारला गेला पाहिजे. मोहिमांचा खर्च जनतेच्या करातून होतो. काडेपेटी विकत घेणारी मोलकरीणही त्यात भर घालते.

नव्या प्राक्तनापासून सावध

लोकशिक्षणात एक धोका आहे, तोही सांगितला पाहिजे. 'जागतिक तापमानवाढ' हा शब्द आता पुढाऱ्यांनाही पाठ झाला आहे. पाणी नाही? हवामान बदलले. पीक गेले? हवामान बदलले. वस्तीत पाणी शिरले? हवामान बदलले. पूर्वी गरिबाच्या दुःखाला पूर्वजन्मीचे पाप हे कारण दिले जाई. आता पृथ्वीचा ताप दिला जातो. दोन्हींत राज्यकर्त्याची सुटका होते.

मनमाडची तहान ही कारा समुद्राने लावलेली नाही. आर्क्टिकचा बर्फ भरपूर होता तेव्हाही हे शहर तहानलेलेच होते. वागदर्डी धरणाच्या क्षमतेवर, पालखेडच्या डाव्या कालव्याचे आवर्तन कधी सुटते यावर, वाटेत पाणी कोण उचलतो यावर आणि गळक्या वाहिन्यांवर ती तहान ठरत आली. करंजवण धरणातून थेट जलवाहिनीची योजना आली तीही लोकांनी वर्षानुवर्षे मागितल्यावर. ही कारणे माणसाने केलेली आहेत आणि माणसाला दुरुस्त करता येतात. बदलते हवामान या जुन्या अन्यायावर नवा भार टाकते. पावसाळ्याचा भरवसा कमी होतो, धरण एका झोडपणीत भरते किंवा भरतच नाही, उन्हाळा लांबतो. ज्या वस्तीचा नळ आधीच शेवटचा, तिला हा भार पहिल्यांदा बसतो. कार्यकर्त्याने या दोन गोष्टी वेगळ्या करून सांगायला शिकले पाहिजे. अमुक एवढे हवामानाचे, अमुक एवढे नगरपालिकेचे आणि अमुक एवढे मंत्रालयाचे. कारणाशिवाय कार्य नाही, हे तथागतांनी शिकवले. पण चुकीचे कारण धरले तर दुःख तसेच राहते.

बाबासाहेबांनी पाण्याकडे असेच पाहिले. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याबरोबर पाटबंधारे आणि वीज यांचे काम त्यांच्याकडे होते. दामोदर खोरे आणि हिराकूड योजनांची पायाभरणी, १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग ही त्या काळातली कामे. पूर आला म्हणून देवाला नवस न करता नदीची मोजणी करा, आकडे जमवा, खोऱ्याचा एकत्र विचार करा, ही त्यांची रीत होती. आज ते असते तर गोव्याच्या केंद्रातले आकडे त्यांनी मागवून घेतले असते, यात शंका नको.

आपण काय करायचे?

पहिली मागणी गोव्याच्या ध्रुवीय केंद्राकडे आणि केंद्रीय पृथ्वीविज्ञान मंत्रालयाकडे. जनतेच्या पैशावर झालेल्या प्रत्येक मोहिमेचा साध्या मराठीतला वृत्तांत प्रसिद्ध करा. हे केंद्र वास्कोला आहे, जिथे मराठीही वाचली जाते. शास्त्रज्ञांना वर्षातून काही दिवस तालुक्याच्या शाळांत पाठवा; मनमाड रेल्वेचे जंक्शन आहे, इथे पोहोचणे ध्रुवावर पोहोचण्याएवढे कठीण नाही.

दुसरी मागणी राज्य शासनाकडे. परदेश शिष्यवृत्ती आणि फेलोशिप यांच्या जाहिराती वेळेवर काढा, पैसे वेळेवर द्या आणि हवामान, समुद्र, हिमविज्ञान या विषयांकडे आमच्या मुलांना वळवणारे मार्गदर्शन करा. आमच्या मुलांनी फक्त शिक्षक, तलाठी आणि पोलिसाच्या भरतीचेच फॉर्म भरावेत असा कायदा नाही.

तिसरे काम आपले स्वतःचे आहे आणि त्याला कोणाची परवानगी लागत नाही. विहारात, अभ्यासिकेत रविवारी मुले जमतात. दोन सारखी पत्र्याची झाकणे घ्या. एकाला चुना लावा, दुसऱ्याला काजळी. दोन्हींवर बर्फाचा सारखाच खडा ठेवून उन्हात मांडा आणि कोणता आधी वितळतो ते मुलांना घड्याळ लावून लिहायला सांगा. आर्क्टिकचा अर्धा धडा तिथेच होईल. एक साधे पर्जन्यमापक बसवा. हवामान खाते रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजते. आपल्या मुलींनीही त्याच वेळी मोजावा आणि वहीत तारीखवार लिहावा. नळाला पाणी कोणत्या दिवशी आले, किती वेळ आले, तेही त्याच वहीत. दहा वर्षांनी ती वही नगरपालिकेच्या टेबलावर ठेवता येईल आणि तिच्यातल्या आकड्यांना कोणत्याही साहेबाला उत्तर द्यावे लागेल.

मनमाडच्या परिषदेचा दिवस दर फेब्रुवारीत येतो. त्या दिवशी अभिवादन, भाषणे, गीते होतातच. पुढच्या वेळी त्या कार्यक्रमात एक तास राखून ठेवावा. एखाद्या हवामान शास्त्रज्ञाला मराठीत बोलायला बोलवावे आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीवर निवृत्त गँगमनला बसवावे. चाळीस उन्हाळ्यांत रूळ कसा तापत गेला, हे त्याने सांगावे आणि शास्त्रज्ञाने ऐकावे. पत्रिका छापण्याआधी गोव्याला एक पत्र टाका. उत्तर आले नाही तर दुसरे टाका.